‘टेम्प’ने सुरू होणारं सगळं वगळा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या टेकडीवरचं नळाचं पाणी बंद झालं. ते वॉलमनने बंद केलं असं गावात अजूनही मानतात. खालच्या अंगाच्या कॉलनीकडून त्याने काहीतरी घेतलं आणि टेकडीचं पाणी तिकडे वळवलं, असं सांगणारे लोक मला स्वतःला भेटले आहेत, आणि मी मान हलवून त्यांचं ऐकून घेतलं आहे. त्यापायी त्याचं काम गेलं. रोजंदारीवरच्या माणसांना कायम करण्यासाठी जी नावं जिल्ह्याला जाणार होती, त्यात त्याचं नाव सगळ्यात वर होतं, तेही गेलं.

ते पाणी मी बंद केलं. त्यासाठी मला टेकडी चढावी लागली नाही की हातात चावी घ्यावी लागली नाही. कूलरसमोर बसून, लिंबाचं सरबत पीत, मी एका मुलीला म्हणालो की ‘टेम्प’ने सुरू होणारं सगळं वगळा. तिने वगळलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. इथे नळाला पाणी रोज येत नाही, पाळीने येतं. आज हा भाग, उद्या तो भाग, असं करत गाव फिरून होतं, आणि उन्हाळ्यात हे फिरणं इतकं लांबतं की मागची पाळी कधी आली होती यावर नवरा-बायकोत वाद होतात. पाळीच्या दिवशी कुणी परगावी जात नाही. वॉलमन म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांत उतरून लांब चावीने पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा आणि मिटणारा माणूस. तो चावी खांद्यावर टाकून निघाला की बायका ड्रम विसळायला घेतात.

मी पाणीपुरवठा कार्यालयात बाबू होतो. कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या पाठीच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी वेळेवर सांगून ठेवल्या होत्या; मला उशिरा सुचलं, म्हणून तो माझ्याकडे आला. हळूहळू मी शिकलो. कोणता भाग, कोणता व्हॉल्व्ह, कधी उघडायचा, किती वेळ, हे सगळं डेटाबेसमध्ये गेलं, आणि पुढे मोबाईल आल्यावर रोज सकाळी वॉलमनला त्या दिवसाच्या पाळीचा मेसेज आपोआप जाऊ लागला. आधी हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. मेसेज सुरू झाल्यावर त्याने डोक्यातलं काढून टाकलं आणि जागा मोकळी झाल्याचं समाधान तो लोकांना सांगत फिरला.

आता ‘टेम्प’बद्दल, म्हणजे टेम्पररीबद्दल, सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. आमच्या कार्यालयात एखादी गोष्ट कायमची करायची तर जिल्ह्याची मंजुरी लागायची. कागद जायचा, शेरा घेऊन परत यायचा, पुन्हा जायचा. तात्पुरती करायची तर साहेबांचं ‘करून टाका’ पुरायचं. त्यामुळे जे खरोखर टिकवायचं असेल ते आम्ही तात्पुरतं करायचो. सायकलींवरचं टिनाचं छप्पर तात्पुरतं होतं, त्याखाली सायकलींच्या जागी मोटारसायकली आल्या. वॉलमन स्वतः तात्पुरता होता. मिसरूड फुटायच्या आधी रोजंदारीवर लागला होता आणि आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. टेकडीवरची वस्तीही कागदावर तात्पुरती. तिथे स्लॅबची घरं आहेत, किराणा दुकानं आहेत, तिथल्या पोरी तिथूनच लग्न होऊन गेल्या आणि बाळंतपणाला परत आल्या, पण जागेचा निकाल लागलेला नाही म्हणून गावाच्या भागांच्या अधिकृत यादीत टेकडी नाही.

यादीत नसलेल्या माणसांनाही तहान लागते, हे एका साहेबांच्या लक्षात आलं. ते मला म्हणाले की खालच्या कॉलनीची पाळी झाली की टेकडीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा राहील असं काहीतरी करून टाका. मी केलं. मुख्य तक्त्याला हात लावला नाही. बाजूला एक छोटी तजवीज केली, तिला नाव दिलं टेम्प_टेकडी. रोजचा मेसेज तयार करणारा जो कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, होता त्याला सांगितलं की कॉलनीची पाळी असेल त्या दिवशी ही तजवीज बघ आणि मेसेजला एक ओळ जोड. आणि ती तजवीज समजा सापडली नाही, तर आरडाओरड करू नकोस, गुपचूप पुढे जा. ही शेवटची सूचना लिहिताना मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

टेकडीचं काम चांगलं झालं म्हणून पुढच्या साहेबांनी मला दुसरं सांगितलं. ते आमच्याच गल्लीत भाड्याने राहायला आले होते. गल्लीला एका पाळीने भागत नाही, मधे अजून एकदा पाणी यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी टेम्प_गल्ली केली. वर्षभरात साहेबांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढवायला मीच उभा होतो. त्या संध्याकाळी टेम्प_गल्ली काढून टाकता आली असती. पहिल्या वर्षी मी ती विसरलो. त्यानंतर विसरलो असं म्हणता येणार नाही, कारण आमच्या घरी मागे केळी लावल्या होत्या, मोगऱ्याचा वेल मांडवावर चढला होता, आणि गल्लीतले लोक म्हणायचे की आपल्याकडचा पाइप उतारावर आहे म्हणून पाणी जास्त. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. मी निवृत्त झालो, गल्लीचं पाणी नोकरीत राहिलं.

मग गेल्या उन्हाळ्यात नवी यंत्रणा आली. सगळ्या कार्यालयांचा डेटा एका ठिकाणी न्यायचं ठरलं आणि त्यासाठी एका कंपनीची मुलगी आली. मूळची मुकुटबनकडची, नागपूरला नोकरी. जुनं काम मला माहीत, म्हणून मला मानाने बोलावलं, कूलर माझ्याकडे वळवला, सरबत दिलं. ती मला आधी सर म्हणाली, दुपारपर्यंत काका.

तिने समजावलं ते असं. जुन्या डेटाबेसमध्ये तक्ते आहेत, त्या तक्त्यांवर आधारलेल्या तजविजी आहेत, त्यांवर चालणारे कार्यक्रम आहेत. एक हलवलं की त्यावर अवलंबून असलेलं दुसरं कोलमडतं. म्हणून आधी कोण कुणावर अवलंबून आहे याचा नकाशा काढायचा आणि नकाशात येईल तेवढंच नव्या घरी न्यायचं. पण सरसकट सगळ्याचा नकाशा काढला तर पडदाभर जाळं होतं, काही कळत नाही. म्हणून नकाशात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, याची चाळणी आधी लावायची. कुणाच्या नावावरचं घ्यायचं, कोणत्या जातीचं घ्यायचं, तक्ते फक्त की कार्यक्रमही, आणि कोणत्या नावांचं वगळायचं. चाळणीत एक खूण अशीही होती की वगळलेल्यांपैकी कुणावर आतलं कुणी अवलंबून असेल, तर त्याला ओढून आत घ्यायचं का.

मी तिला म्हणालो की हे तर आपल्याकडच्या लग्नाच्या आवतणासारखं झालं. आवतण एका माणसाला असतं, नाहीतर चूलबंद असतं. चूलबंद म्हणजे अख्खं घर, त्या दिवशी त्या घरी चूल पेटायला नको. आजारी सासू, आलेला पाहुणा, सगळे त्यात आले. तिला हे सांगावं लागलं नाही, तिच्या घरी हेच चालायचं. पुढे ती प्रत्येक तक्त्यापाशी थांबून विचारू लागली, “काका, याला चूलबंद बोलवायचं की एकट्यालाच?” आम्ही हसत हसत काम केलं. दोन दिवस मला नोकरीत परत गेल्यासारखं वाटलं.

वगळण्याच्या नावांची वेळ आली तेव्हा ती म्हणाली की साधारण सगळीकडे ‘टेस्ट’, ‘ओल्ड’ आणि ‘टेम्प’ने सुरू होणारी नावं आम्ही काढून टाकतो, तो कचरा असतो, पण इथे टेम्पची यादी फार लांब दिसते, एकदा नजर टाकता का. तिने यादी उघडली. टेम्प_गल्ली मला लगेच दिसलं. तिच्या खाली, थोड्या अंतरावर, टेम्प_टेकडीही दिसलं. दिसलं नाही असं म्हणण्याची सोय होती, चष्माही जुना आहे, पण दिसलं.

मी मनात म्हणालो, टेकडीचं एव्हाना मुख्य तक्त्यात आलं असेल, मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली. ते तपासायला तिला एक मिनिट लागलं असतं. पण तपासायचं म्हणजे टेम्पची यादी एकेक करून उघडायची, आणि मग ती सहज विचारणार की ही गल्ली कुठली. तिला माझा पत्ता माहीत होता. आदल्या दिवशी आमच्याकडेच जेवली होती. केळीच्या पानावर जेवायला वाढल्याचं तिला अप्रूप वाटलं होतं.

“टेम्पने सुरू होणारं सगळं वगळा,” मी म्हणालो.

“आणि आतल्या कुणाला त्यांची गरज असली तर? ओढून घेऊ?”

“नको. एकट्यालाच आवतण.”

ती हसली आणि तिने ती खूण काढून टाकली.

नवी यंत्रणा सुरू झाली. कुठेही काही बिघडलं नाही. मेसेजच्या कार्यक्रमाने टेम्प_टेकडी शोधली, सापडली नाही, तो शिकवल्याप्रमाणे गुपचूप पुढे गेला. उद्घाटनाच्या कार्यक्रमात मला नारळ आणि शाल मिळाली.

टेकडीची पाळी आली नाही. पुढचीही आली नाही. टेकडीवरच्या बायका पितळेचे गुंड-घागरी आणि प्लास्टिकचे डबे घेऊन खाली कॉलनीत येऊ लागल्या, कॉलनीतल्या लोकांनी आधी भरू दिलं, मग गेटं लावून घेतली. टेकडीने कार्यालयाला विचारलं, कार्यालयाने वॉलमनकडे बोट दाखवलं. वॉलमन माझ्याकडे आला. आमच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “बाबूजी, मेसेजमंदी टेकडी येऊन नाई राह्यली. काहून नाई येत?”

मी म्हणालो, नवी सिस्टीम आहे, मला तिच्यातलं काही कळत नाही, कार्यालयात विचार. तो म्हणाला की विचारलं. ते म्हणतात मेसेजमधे आहे तेवढंच उघडायचं, बाहेरचं उघडलं तर उद्यापासून यायचं नाही. मी म्हणालो, मग मेसेजप्रमाणेच कर. तेव्हा तो थोडा वेळ चावीच्या टोकाने ओट्याखालची माती उकरत बसला आणि गेला. कायमच्या यादीचा तो महिना होता. यादी जाईपर्यंत नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही असं त्याच्या बायकोने त्याला बजावून ठेवलं होतं, हे तो सगळ्यांना सांगत असे. त्याने व्हॉल्व्ह उघडला असता तर काम गेलं असतं. त्याने उघडला नाही.

टेकडीने एकत्र येऊन तक्रार दिली की वॉलमनने कॉलनीकडून घेऊन आमचं पाणी तोडलं. चौकशी करायला लागू नये म्हणून तक्रार खरी मानली गेली. त्याला काढण्यासाठी कुठला हुकूम काढावा लागला नाही. तात्पुरत्या माणसाला उद्या येऊ नको एवढं सांगितलं की पुरतं. त्याच्या भाच्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तिथे तो तांब्याच्या तारा गुंडाळायला बसू लागला.

मी काय केलं? मी काही आठवडे काहीच केलं नाही. मेसेजमधे टेकडी का येत नाही हे मला त्याने ओट्यावर विचारलं त्याच क्षणी कळलं होतं. मी रोज ठरवायचो की यंत्रणा नवी आहे, कुणाच्या तरी लक्षात येईलच. ज्या यंत्रणेत एखादी गोष्ट नाहीच, तिथे ती नाही हे कुणाच्या लक्षात येणार, हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

आमच्या गल्लीचंही मधलं पाणी अर्थातच थांबलं होतं. एकदा सकाळी चहा घेताना बायको म्हणाली की त्या वॉलमनला काढलं ते बरं झालं, त्या मेल्याने जाता जाता आपलंही पाणी तोडलं, केळी करपून चालल्या. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गल्लीचं, टेकडीचं, सरबताचं. ती कप उचलून आत गेली, परत आली आणि म्हणाली, “इतकी वर्षं मी लोकांना सांगत होती की आपला पाइप उतारावर आहे. मले तरी सांगायचं होतं.”

मी नागपूरला त्या मुलीला फोन केला. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली की काका, घाबरू नका, वगळलं म्हणजे पुसलं नाही, जुना साठा बाजूला ठेवलेला आहे. चाळणी पुन्हा लावून, या वेळी टेम्पसकट नकाशा काढायला तिला अर्धी दुपार लागली. संध्याकाळी तिचा फोन आला की टेकडी जोडली. मग तिने विचारलं, “गल्लीचं काय करू?”

“ते वगळलेलंच राहू दे.”

“बरं,” ती म्हणाली. आमच्या घरी केळीचं पान वाढलं होतं, त्याबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

टेकडीला पाणी आलं. मी अर्ज लिहून कार्यालयात गेलो. हल्लीचे साहेब तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि अडचण समजावून दिली. टेकडी आपल्या यादीत नाहीच, तेव्हा तिचं पाणी बंद झालं होतं असं कार्यालयाला लिहून देता येत नाही. वॉलमन आपल्या आस्थापनेवर नव्हताच, तेव्हा त्याला काढल्याचीही नोंद नाही, आणि जे काढलंच नाही ते परत घेता कसं येणार. मी निवृत्त आहे, तेव्हा माझ्यावरही काही करता येत नाही. थोडक्यात, झालेलं काहीही झालेलं नव्हतं. फक्त टेकडीवाल्यांची तक्रार तेवढी खरी होती, कारण तिच्यावर आवक क्रमांक होता. ती त्यांनी मागे घेतली तर रोजंदारीवर पुन्हा बोलावता येईल, ते म्हणाले. कायमची यादी मात्र त्याच्या नावाशिवाय जिल्ह्याला गेली होती.

मी वाइंडिंगच्या दुकानात गेलो. वॉलमनला सांगितलं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्याने हातातलं रीळ पूर्ण केलं, तार कापली आणि विचारलं, “म्हंजे मी तुमच्या ओट्यावर बसून विचारलं, तवा तुम्हाले मालूम होतं?”

मी हो म्हणालो.

“मंग हे मले कायले सांगता? मी त कवाच काही घेतलं नवतं, हे मले माहीत हाय. टेकडीवर जाऊन सांगा.”

मी म्हणालो, चल बरोबर. तो म्हणाला की नाही, एकटे जा. मी आलो तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला पढवून आणलं.

टेकडी चढताना मी दोनदा थांबलो. वरच्या चौकात टाकीजवळ बायका होत्या, दुकानाच्या पायरीवर काही माणसं. मी उभ्यानेच सांगितलं. डेटाबेस आणि चाळणी सांगून पाहिली, पण ते बाजूला राहिलं. शेवटी एवढंच म्हणालो की तुमचं पाणी त्याने नाही तोडलं, माझ्यामुळे तुटलं, आणि माझ्या गल्लीत जास्तीचं पाणी येत होतं ते झाकायला मी गप्प राहिलो.

कुणी आवाज चढवला नाही. एका म्हातारीने, जिने तक्रारीवर पहिला अंगठा दिला होता, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“किती वर्षं येत होतं जास्तीचं?”

“बरीच.”

“अन् आमी त्याले चोर म्हनलं,” ती बाजूच्या बाईला म्हणाली. माझ्याशी तिचं बोलणं तिथेच संपलं होतं. पायरीवरच्या एका माणसाने विचारलं की तक्रार मागे घ्यायला काय लिहावं लागतं. मी सांगितलं. त्याने दुकानातून वहीचं पान आणलं आणि लिहायला माझ्याच हातात दिलं. त्याचं अक्षर चांगलं नव्हतं. मी लिहीत असताना म्हातारीने एका पोराला सायकलवर खाली पिटाळलं, वॉलमनला घेऊन ये म्हणून. तो येणार नाही असं मला वाटलं.

तो आला. पोराच्या मागे, चालत, हाताला तांब्याचा लालसर रंग तसाच. म्हातारीने त्याला बस म्हणायच्या आधी झापायला सुरुवात केली. मोबाईलने नाही सांगितलं म्हणून पाणी सोडलं नाहीस, आम्ही डबे घेऊन उन्हात फिरलो ते तुला दिसत नव्हतं का, इतक्या वर्षांत आमच्या घरची किती लग्नं जेवलास. तो आधी ऐकत होता. मग त्यालाही तोंड फुटलं. “तुमीच अंगठे देल्ले ना माह्यावर? मंग आता कायले बोलावता?”

“अंगठा देल्ला तं देल्ला. चूक झाली. पानी सोडत नवता तू.”

“मले काढून टाकतो म्हने ते.”

“मंग काढलं का नाई?”

“काढलं ना.”

“मंग सोडून तरी द्यायचं होतं, बाप्पा.”

पायरीवरची माणसं हसली, तोही हसला, पण रागाने. कुणीतरी त्याच्याखाली पोतं सरकवलं, तो बसला, चहा आला. भांडण चालूच होतं. आता ते जुन्या पाळ्यांवर गेलं होतं, कोणत्या साली त्याने कुणाच्या घरी लग्न होतं म्हणून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला आणि मग खालच्यांची बोलणी खाल्ली, असलं. त्या सालांत मीही होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही. मी पान पूर्ण केलं, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. वॉलमनचा कप रिकामा झाला तेव्हा म्हातारीने आतून दुसरा मागवला. मी कागद खिशात ठेवला आणि कार्यालय बंद व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून टेकडी उतरायला लागलो.